दहा नंबरचं झाड

१

बाबा गेले त्याच्या पाचव्या दिवशी रुग्णालयाचं पत्र आलं. दीड पान, खाली अधीक्षकांची सही, सोबत एक फोटो.

"सफाई कर्मचाऱ्याने कॉरिडॉरमधील भिंतीवरील दोन सॉकेट अनवधानाने एकाच केबलने जोडल्यामुळे नेटवर्कमध्ये लूप निर्माण होऊन हृदयरुग्ण कक्षातील मॉनिटर यंत्रणा मंगळवारी सकाळी साडेअकरा ते बाराच्या दरम्यान सतरा मिनिटे बंद पडली. संबंधित कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात आले आहे."

ताईने ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं. धाकटा भाऊ समोर बसून मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स लावत होता. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. दोरखंड तपासल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय न ठेवणारा माणूस, आणि कुणीतरी निष्काळजीपणे केबल खुपसली म्हणून गेला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठे निघालीस?" भावाने विचारलं.

"त्या सफाईवाल्या बाईकडे."

"ताई, काय उपयोग आहे?"

"उपयोगासाठी नाही चालले."

वॉर्डातल्या सगळ्यांची 'मावशी' असलेली ती बाई तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायची. दार तिनेच उघडलं. पन्नाशीची, बारीक अंगाची, हाताला साबणाचा फेस. ताईने बाहेर गॅलरीतच तोंड सोडलं. तुला केबल आणि झाडू यातला फरक कळत नाही का, माझ्या बापाचा जीव तू घेतलास, तुला झोप कशी लागते. शेजारची दारं उघडली. कुणी मध्ये पडलं नाही. मावशी सगळं ऐकून घेत होती. ताईचा श्वास संपला तेव्हा ती बोलली.

"एकोणीस नंबरचे बाबा ना? त्यांच्या खोलीत पहिली मी गेले. ओठ निळे पडले होते. हाक मी मारली. सिस्टरने सांगितलं तशी त्यांच्या छातीवर हात दाबत होते, डॉक्टर येईपर्यंत. माझी मनगटं अजून दुखतात." तिने फेसाचे हात पुढे केले. "आता मला सांगा, केबल मी कुठल्या हाताने लावली?"

ताई जिना उतरली. बस थांब्यावर बसून तिने पत्र पुन्हा काढलं. या वेळी मुलगी म्हणून नाही, तर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अकरा वर्षं नेटवर्क सांभाळणारी बाई म्हणून वाचलं.

मग तिने फोटो बघितला. दोन सॉकेट, एकात निळी केबल, तिचं दुसरं टोक लोंबतं, सॉकेटांवर पांढऱ्या पट्ट्या. पट्ट्यांवर लिहिलं होतं, 'कार्यालय १४' आणि 'कार्यालय १५'.

एक बस आली आणि गेली. ताई जागची हलली नाही. हे पत्र खोटं होतं.

२

"तुला कसं कळलं?" भावाने विचारलं.

ताईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या.

"हे स्विच, नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेट्या. मोठ्या इमारतीत असे वीस-पंचवीस असतात, आणि एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून ते एकमेकांना दोन-दोन वाटांनी जोडतात. पण वाटा गोल फिरल्या की निरोप गरगरत राहतात आणि सगळं जाम होतं. म्हणून स्विच आपापसांत ठरवतात की एक मूळ, त्यातून फुटणाऱ्या फांद्या, आणि जादाच्या वाटा तात्पुरत्या बंद. त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. झाड म्हण."

"बरं."

"रुग्णालयात एकाच तारांवरून वेगवेगळी जाळी चालतात. कार्यालयाचं वेगळं, मॉनिटरचं वेगळं. त्यांना व्हीलॅन म्हणतात, आणि प्रत्येकाचं झाड वेगळं असतं. केबल लावली ती कार्यालयाच्या सॉकेटात. गोंधळ झाला असता तर आधी कार्यालय आडवं झालं असतं. संगणक, टेबलावरचे फोन, सगळं."

"आणि ते चालू होतं?"

ताईला तो दिवस आठवला. ती स्वतः दुपारी साडेबाराला पोहोचली होती. "त्या दिवशी पावणेबाराला बाबांच्या बिलासाठी मला फोन आला तो रुग्णालयाच्या कार्यालयातून. टेबलावरचा फोन. म्हणजे कार्यालयाचं झाड धडधाकट होतं. मॉनिटरचं तेवढं मेलं."

भावाने एक वाटी उचलून बाजूला ठेवली. "मग ती मावशी?"

"ती गरीब आहे, एवढाच तिचा संबंध," ताई म्हणाली. तिचा आवाज थंड होता. भाऊ तिला लहानपणापासून ओळखत होता, आणि या आवाजाला तो तिच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त घाबरायचा.

तिने आरोग्य खात्याकडे तक्रार केली, पत्राची आणि फोटोची प्रत जोडली, आणि खाली लिहिलं की दोन दिवसांत चौकशी अधिकारी नेमला नाही तर हाच फोटो ती रुग्णालयाच्या फाटकावर चिकटवेल. अधिकारी दुसऱ्याच दिवशी नेमला गेला. निवृत्तीला आलेली, कमी बोलणारी बाई होती. तिने ताईला 'कुटुंबाची तांत्रिक प्रतिनिधी' म्हणून मंजुरी दिली आणि एवढंच म्हणाली, "रडायचं असेल तर माझ्यासमोर रडा. त्यांच्यासमोर नको."

३

हृदयरुग्ण कक्षातली सिस्टर आपली ड्यूटी संपवून कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर बसली होती. तिने बूट काढले होते आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले होते.

"बावीस पेशंट, आम्ही दोघी, त्यातली एक ऑपरेशनला गेलेली," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर मोठा पडदा आहे. बावीस जणांच्या बावीस रेघा. अकरा एकेचाळीसला बघते तर सगळ्या रेघा गोठलेल्या. मी लगेच पक्कडला फोन केला."

पक्कड म्हणजे तारांचा माणूस. कंत्राटी तंत्रज्ञ, कमरेला सदा पक्कड लटकलेली, म्हणून हे नाव.

"तो तीन मिनिटांत आला. मी तोवर एकेका खोलीत जाऊन बघायला लागले होते. एक नंबरपासून. तुमचे बाबा एकोणिसाव्या खोलीत."

"खोलीतलं मशीन स्वतः वाजतं ना?"

"वाजतं, पण आवाज बारीक करून ठेवतात, आणि दारं बंद. मोठा आवाज माझ्या टेबलावर होतो. तो झाला असता तर मी धावले असते हो." तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "अकरा बावन्नला मावशीची हाक आली. त्यानंतर मी तिथून हलले नाही. मावशीही नाही. आणि नेटवर्कचे साहेब म्हणतात तिने केबल लावली, मग घाबरून काढली. कधी काढली? तिला चार हात आहेत?"

"पक्कड तेव्हा कुठे होता?"

"माझ्या टेबलापाशी. एकोणीसच्या उघड्या दारातून मला दिसत होता, मागच्या तारा उपसत होता. त्याआधी तर मोबाइल स्पीकरवर टाकून बाजूला ठेवलेला, कुणाशी तरी बोलत होता. मला इतका संताप आला. इथे माझे पेशंट आंधळे झालेत आणि त्या फोनमधून कुणीतरी आरामात मोजतंय, हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन."

"कोण मोजत होतं?"

"काय माहीत. मी तेव्हा तीन नंबरच्या खोलीतून बाहेर येत होते. मला तेवढंच ऐकू आलं."

ताईने ते वहीत लिहिलं. मग विचारलं, "बाबांच्या खोलीतल्या मशीनमध्ये नोंद राहते?"

सिस्टरने पाय खुर्चीवरून खाली घेतले. "राहते. मी स्वतः काढून डॉक्टरांच्या फाइलला लावली. ठोका बिघडला अकरा सत्तेचाळीसला."

सत्तेचाळीस ते बावन्न. पाच मिनिटं बाबा बंद दारामागे एकटे होते.

४

नेटवर्कसाहेब चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. गुरुवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे घटनेनंतर बरोबर नऊ दिवसांनी, त्यांनी मुख्य स्विचच्या खोलीचं दार ताईसाठी आणि चौकशी अधिकारीबाईंसाठी उघडून धरलं.

"मॅडम, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत."

"लॉग दाखवा," ताई म्हणाली.

लॉग म्हणजे स्विचची डायरी. पडद्यावर ती उघडली तेव्हा पहिली ओळ मंगळवार दुपारी एकची होती. त्याआधी कोरं.

"जागा भरली की जुन्या नोंदी आपोआप जातात," साहेब म्हणाले.

"नऊ दिवसांत भरली नाही, आणि त्या दिवशी एक वाजता बरोबर भरली."

"योगायोग असतात, मॅडम. त्या वेळी मी पलीकडच्या इमारतीत माझ्या ऑफिसात होतो. मला सव्वाबाराला कळलं. तसं माझ्या जबाबात आहे."

ताईने खुर्ची ओढली. डायरी पुसणाऱ्याला एक गोष्ट माहीत नव्हती, किंवा घाईत तो ती विसरला होता. झाडाला धक्का बसला, एखादी फांदी जोडली किंवा तुटली, की प्रत्येक स्विच मनाशी मोजायला लागतो. शेवटचा धक्का बसून किती वेळ झाला, आणि तो कुठल्या बाजूने आला. ती मोजणी डायरीत नसते. ती पुसायची तर स्विच बंद करून चालू करावा लागतो, आणि मुख्य स्विच बंद करणं म्हणजे अख्खं रुग्णालय पुन्हा अंधारात घालणं. तेवढी छाती कुणाची झाली नव्हती.

"झाड दहा," ती म्हणाली. "मॉनिटरचं. शेवटच्या बदलाला किती वेळ झाला ते सेकंदांत दाखवा."

साहेबांनी टाइप केलं. पडद्यावर आकडा आला. सात लाख पंच्याऐंशी हजार चारशे साठ.

ताईने घड्याळ बघितलं. दोन वाजून सहा मिनिटं. तिने वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. नऊ दिवस, दोन तास, अकरा मिनिटं. आकडे वजा केले आणि वही अधिकारीबाईंपुढे सरकवली.

"मंगळवार, अकरा पंचावन्न," बाईंनी वाचलं.

"त्या मिनिटाला कुणीतरी काहीतरी उपटलं. आता कुठून ते बघू."

धक्का तेविसाव्या पोर्टकडून, म्हणजे तार खोवायच्या तेविसाव्या खाचेकडून, आला होता. तेविसाव्याची तार दुसऱ्या मजल्यावर जात होती. हृदयरुग्ण कक्ष चौथ्या मजल्यावर होता, कॉरिडॉरची ती दोन सॉकेटंही तिथेच.

"दुसऱ्या मजल्यावर काय आहे?" अधिकारीबाईंनी विचारलं.

साहेबांनी घसा साफ केला. "विशेष काही नाही. ग्रंथालय, स्टोअर." जरा थांबून ते म्हणाले, "आणि नवीन सभागृह."

५

दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातला स्विच उघडला. त्याच्या मोजणीप्रमाणे धक्का बाराव्या पोर्टकडून आला होता. बारावा पोर्ट आता रिकामा होता. शेजारच्या सगळ्या रिकाम्या पोर्टांत करडी धूळ साचली होती. बारावा स्वच्छ होता. वरच्या पट्टीवर लिहिलं होतं, 'सभागृह'.

"झाड वीस दाखवा," ताई म्हणाली. "कार्यालयाचं."

तिथेही तेच. अकरा पंचावन्न, बारावा पोर्ट.

अधिकारीबाईंनी भुवया उंचावल्या. "म्हणजे कार्यालयाच्या झाडालाही धक्का बसला. मग तुमचं म्हणणं उलटं नाही का झालं?"

साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "तेच तर मी म्हणतोय."

"बाई, आता कोडं सुटतंय," ताई म्हणाली. "दोन्ही झाडांना त्याच मिनिटाला, त्याच बाजूने धक्का बसला. पण मेलं एकच. असं कधी होतं? जोडलेली वस्तू साधी केबल नसते तेव्हा. मूळ कोण व्हायचं हे स्विच एका आकड्यावर ठरवतात. ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो मूळ. प्रत्येक झाडासाठी आकडा वेगळा देता येतो. समजा, एक जुना स्विच आहे. पूर्वी तो मॉनिटरच्या झाडाचं मूळ होता, म्हणून दहा नंबरसाठी त्याच्या डोक्यात शून्य लिहिलेलं आहे. इतर झाडांसाठी काही नाही. तो न पुसता जोडला, तर वीस नंबरचं झाड जरासं हलून पुन्हा उभं राहतं. दहा नंबरच्या झाडात मात्र हा म्हातारा पुन्हा राजा होतो. त्याला दोन बाजूंनी तारा लावल्या असतील तर सगळा प्रवाह त्याच्यातून जातो आणि मधला रुंद रस्ता जादा म्हणून बंद होतो. अख्ख्या कक्षाची मॉनिटरं एका पायवाटेवर येतात. पडदे गोठणारच."

"असा जुना स्विच आहे तुमच्याकडे?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"भंगारात काढला. दोन वर्षं झाली."

"भंगाराची पावती?"

"शोधावी लागेल."

"शोधा," बाई म्हणाल्या. "आणि मंगळवारी साडेअकराला सभागृहात काय होतं, तेही सांगा."

साहेबांनी स्विचच्या कपाटाचं दार लावलं. उत्तर सभागृहाच्या दाराबाहेरच्या भिंतीवर होतं. तिथे पितळेची नवी पाटी होती आणि तिच्यावर तारीख कोरलेली होती. त्या मंगळवारची. सभागृहाचं उद्घाटन.

६

पक्कड ताईला भेटायला तयार नव्हता. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मला घर आहे, ताई. कंत्राट दर सहा महिन्यांनी नवं होतं."

"मावशीलाही घर आहे. ती घरीच बसलीये."

"कुठे येऊ?" त्याने विचारलं. मग तो रुग्णालयामागच्या सायकल स्टँडवर आला. आडदांड माणूस, पण खांदे पडलेले.

"संशय तुझ्यावर जाणार आहे," ताईने सरळ सांगितलं. "सभागृहाच्या पोर्टवरून सगळी झाडं जाऊ द्यायची तर स्विचचा पासवर्ड लागतो. तो दोघांकडेच आहे. तू आणि साहेब. साहेब म्हणतात ते पलीकडच्या इमारतीत होते. मग उरलास तू."

"मी चौथ्या मजल्यावर होतो. सिस्टरला विचारा."

"विचारलं. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय. अकरा पंचावन्नला तू सिस्टरच्या टेबलापाशी होतास. तू उपटला नाहीस. मग ज्याने उपटला तो सभागृहात होता, आणि आपण काय जोडलंय हे त्याला माहीत होतं. पक्कड, तू फोनवर कुणाशी बोलत होतास?"

तो पायाने माती उकरत राहिला.

"त्या फोनमधून कुणीतरी एक, दोन, तीन मोजत होतं. माइक तपासत होते ना? माइक सभागृहातच होता. म्हणजे तू ज्याच्याशी बोलत होतास तो तिथे उभा होता."

पक्कडने खिशातून मोबाइल काढला, उघडला, आणि तिच्या हातात दिला. मंगळवारच्या कॉलची यादी होती. साहेबांच्या नंबरवर दोन कॉल. दुसरा अकरा चौपन्नचा.

पहिला अकरा चव्वेचाळीसचा.

ताईने तो आकडा वाचला, पुन्हा वाचला. ती सायकल स्टँडच्या कठड्यावर टेकली. आतापर्यंत तिला वाटत होतं की एका मूर्खाने चूक केली आणि मग भीतीने लपवली. मूर्खाची चूक ती कधीतरी गिळू शकली असती.

"चव्वेचाळीसला तू त्यांना काय सांगितलंस?"

"सांगितलं की दहा नंबरचं झाड हललंय, मूळ सभागृहाकडे गेलंय, तिथे काय लावलंय ते काढा." पक्कड म्हणाला.

"आणि ते काय म्हणाले?"

पक्कडने सांगितलं.

७

सोमवारी सकाळी दहाला सुनावणी सुरू झाली. लांब टेबल, एका बाजूला अधीक्षक आणि नेटवर्कसाहेब, दुसऱ्या बाजूला ताई आणि तिचा भाऊ, डोक्याशी अधिकारीबाई. भिंतीजवळ सिस्टर, पक्कड आणि मावशी. मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

ताई उभी राहिली. तिने एकही शब्द वाढवून सांगितला नाही. कार्यालयाचा फोन चालू होता, म्हणून भिंतीवरची केबल हे कारण नाही. धक्का दुसऱ्या मजल्यावरून आला, म्हणून जागा सभागृह. एकच झाड मेलं, म्हणून वस्तू जुना स्विच. उपटला अकरा पंचावन्नला, आणि त्या मिनिटाला मावशी बाबांच्या छातीवर हात दाबत होती, पक्कड सिस्टरच्या टेबलापाशी होता. पासवर्ड असलेला तिसरा माणूस नाही. साहेबांचा जबाब आहे की ते पलीकडच्या इमारतीत होते. फोनमधून ऐकू आलेली माइकची चाचणी पलीकडच्या इमारतीत होत नव्हती.

साहेबांनी पाण्याचा पेला पुढे ओढला, प्यायले नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "जोडला मी. पाहुण्यांना ऑपरेशन थिएटरमधलं थेट चित्र दाखवायचं होतं, आयत्या वेळी पोर्ट कमी पडले. स्टोअरमध्ये तोच एक होता. जुनं कॉन्फिगरेशन पुसायला वेळ नव्हता. चित्र मध्येच जाऊ नये म्हणून दोन्हीकडून तारा दिल्या. चूक झाली. यंत्राच्या कामात चूक कुणाच्याही हातून होते, मॅडम. तुमच्या हातून कधी झाली नाही?"

"झालीये," ताई म्हणाली. "एकदा अर्ध्या शहराचे पाण्याचे पंप माझ्यामुळे थांबले होते. कळल्यावर चाळीस सेकंदांत मी केबल काढली आणि माझ्या साहेबांना जाऊन सांगितलं. तुम्हाला कधी कळलं?"

"पंचावन्नला. कळल्याबरोबर काढला."

ताईने पक्कडकडे बघितलं. तो उठला. त्याच्या हातात मोबाइल होता, पण त्याने तो पुढे केला नाही. तो नुसता बोलला.

"साहेब, मी तुम्हाला चव्वेचाळीसला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाहुणे आत आलेत, पडदा चालू आहे, दहा मिनिटं थांब. कुणी मरत नाही दहा मिनिटांत."

ताईने फाइलमधून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. बाबांच्या खोलीतल्या मशीनची नोंद.

"ठोका बिघडला सत्तेचाळीसला," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिने तो आवरला नाही. "चव्वेचाळीसला तार उपटली असती तर मिनिटभरात झाड जागेवर आलं असतं. सत्तेचाळीसला सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजली असती. तिथून एकोणीस नंबर वीस पावलांवर आहे, मी मोजलीत. माझ्या बापाला चुकीने नाही मारलं. पडद्यावरचं चित्र जाऊ नये म्हणून मारलं. आणि मग तुम्ही खाली बसून डायरी पुसली, चौथ्या मजल्यावर जाऊन भिंतीत केबल लावली, फोटो काढला, आणि विचार केलात की हे सगळं कुणाच्या गळ्यात घालता येईल. मावशी दिसली. जिने हाक मारली, तीच."

साहेबांनी अधीक्षकांकडे बघितलं. अधीक्षक खिडकीकडे बघत होते.

"मी एकट्याने ठरवलं नाही," साहेब म्हणाले. "मी स्टेजजवळ जाऊन विचारलं होतं. यांनीच सांगितलं, पाहुणे खाली उतरू देत."

"मला असं काही आठवत नाही," अधीक्षक म्हणाले.

अधिकारीबाईंनी पेनचं टोपण काढलं. "दोन्ही वाक्यं लिहून घेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तेही, आणि तुम्हाला आठवत नाही तेही. पुढचं पोलीस विचारतील."

८

बाहेर कॉरिडॉरमध्ये मावशी खिडकीपाशी थांबली होती. तिला परत कामावर घेण्याचं पत्र बाईंनी तिथल्या तिथे करायला लावलं होतं, आणि ते घडी घालून तिने मुठीत धरलं होतं. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल माफी मागते."

"ऐकलं," मावशी म्हणाली. ती थोडा वेळ थांबली. "तुमचा राग खरा होता. पण तुमच्या रागासाठी सगळा दवाखाना खोलीत जमला. माझा राग मी कुठे न्यायचा? शेजारणी अजून नळावर माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही माफी मागितलीत आणि लगेच बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," ताई म्हणाली.

"दोन वाजता ड्यूटी आहे," म्हणत मावशी जिन्याकडे गेली.

भाऊ म्हणाला, "चल घरी." ताईने नकारार्थी मान हलवली. तिने अधिकारीबाईंकडून लेखी परवानगी घेतली, पक्कडला हाक मारली, आणि दोघं तळमजल्यापासून कामाला लागले. कपाटामागून कपाट, मजल्यामागून मजला. मूळ कुठल्या स्विचने व्हायचं ते प्रत्येक झाडासाठी ठरवून टाकलं. बाहेरच्या प्रत्येक पोर्टवर पहारा बसवला, की इथून कुणी स्वतःला राजा म्हणवत आलं तर त्याला दारातच अडवायचं.

चार वाजता शेवटचं कपाट झालं. पक्कडने आपल्या दुसऱ्या कंत्राटावरून उसना आणलेला एक वेगळा स्विच काढला आणि त्याच्या डोक्यात दहा नंबरसाठी शून्य लिहिलं. सिस्टरला आधी सांगून ठेवलं होतं. तिने प्रत्येक खोलीत एक माणूस उभा केला होता आणि स्वतः मोठ्या पडद्यासमोर बसली होती. ताईने फोन कानाला लावला.

"लाव," ती म्हणाली.

पक्कडने सभागृहाच्या पोर्टात केबल सरकवली. दिवा हिरवा झाला, लगेच पिवळा पडला आणि तसाच राहिला. पोर्टने नव्या राजाला दारातच अडवलं होतं.

"सिस्टर?"

"चालू आहेत. बावीसच्या बावीस रेघा."

"नीट बघा."

"बघतेय. एकही थांबली नाही."

ताईने फोन खाली घेतला. दिवसभर प्रत्येक कपाटातल्या स्विचमध्ये त्यांनी टाइप केलेला मजकूर पक्कड वाचत होता.

"चार ओळी आहेत, ताई," तो म्हणाला. "मी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. साहेब म्हणाले, गरज काय."

ताईने ते ऐकलं. मग ती कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. पक्कड तिच्या शेजारी उभा राहिला, आणि जिन्यावरून कुणी आलं तर दिसू नये म्हणून त्याने कपाटाचं दार पुढे ओढून धरलं.